अन्नजाळ्यातला ऊर्जेचा फेरा ताळेबंदात कसा मांडायचा?

प्रश्न असा आहे: एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी एका खाडीच्या अन्नजाळ्याचा वर्षभराचा ऊर्जा-ताळेबंद मांडायचा आहे. तिवरांची पानं गळतात, कुजतात, त्यांवर जिवाणू वाढतात. जिवाणूंसकट तो माल खेकडे आणि शिंपले खातात, आणि त्यांची विष्ठा, त्यांची मढी पुन्हा त्याच गाळात मिसळतात. पुस्तकात लिहिलंय की ऊर्जा एकाच दिशेनं वाहते, फिरतं ते फक्त द्रव्य. मग या फेऱ्याचं काय करायचं? सगळ्या कप्प्यांची (वनस्पती, जिवाणू, गाळ असा प्रत्येक गट म्हणजे एक कप्पा) बेरीज आत आलेल्या ऊर्जेपेक्षा बरीच जास्त भरते. मसुद्यात शिंपल्या-खेकड्यांचे नमुने भरपूर आहेत, जिवाणूंसाठी मात्र एक उसना आकडा आहे. गाईडचं म्हणणं, तुम्ही दोनदा मोजलंय, फेरा काढून टाका. काढावा का?

काढू नका. बेरीज जास्त भरते हे बरोबरच आहे. फक्त ती बेरीज कशाची आहे, हे ओळखायला हवं.

आठवडी बाजारात पाचशेची एकच नोट दिवसभरात चार हातांतून फिरली, तर उलाढाल दोन हजारांची होते, पण बाजारात पैसे पाचशेच आले. अन्नजाळ्यात हेच दोन आकडे वेगळे ठेवायचे असतात: बाहेरून आलेली आवक, आणि प्रत्येक कप्प्यातून गेलेल्या ऊर्जेची मिळून उलाढाल. एक किलोकॅलरी चार वेळा खाल्ली जाऊ शकते, श्वसनात जळते मात्र एकदाच. जळली की उष्णता झाली, आणि ती उष्णता कुठलंही झाड परत पकडत नाही. पुस्तकातलं ‘एकाच दिशेनं’ हे वाक्य या जळण्याबद्दल आहे. जोवर जळलेली नाही तोवर ऊर्जा रासायनिक बंधांमध्ये आहे, आणि ती पानातून जिवाणूत, जिवाणूतून गाळात, गाळातून पुन्हा जिवाणूत जायला उष्मागतिकीची काहीच हरकत नाही. अट एवढीच, की प्रत्येक फेऱ्यात काही भाग जळालाच पाहिजे. म्हणजे फेरा पूर्ण करून परतणारा वाटा नेहमी एकापेक्षा कमी. नायट्रोजन-फॉस्फरसला ही अट नाही, म्हणून त्यांची चक्रं ऊर्जेच्या चक्रांपेक्षा कितीतरी घट्ट असतात.

हे काही नवं नाही. परिसंस्थाशास्त्रज्ञ रेमंड लिंडेमनचा १९४२ चा लेख सगळ्यांना माहीत असतो तो पोषण पातळ्यांसाठी, म्हणजे कोण कोणाला खातं त्या पायऱ्यांसाठी, आणि पुढे त्यातून रुजलेल्या ‘एका पायरीवरून पुढच्या पायरीवर दहा टक्केच ऊर्जा जाते’ या ठोकताळ्यासाठी. त्याच लेखात मिनेसोटातल्या सीडर बॉग लेकच्या अन्नचक्राची आकृती आहे, आणि तिच्या मधोमध काय आहे तर तळ्यातला गाळ. सगळीकडून बाण त्यात शिरतात आणि तिथून पुन्हा निघतात. शाळा-कॉलेजांच्या पुस्तकांनी पिरॅमिड उचलला आणि गाळ सोडून दिला.

आता ताळेबंद. सगळ्यात आधी बाहेरची चौकट बंद करायची, आतल्या फेऱ्यांकडे बघायचंसुद्धा नाही. परिसंस्थाशास्त्रज्ञ हॉवर्ड ओडमनं १९५७ मध्ये फ्लोरिडातल्या सिल्व्हर स्प्रिंग्ज या झऱ्याचे जे आकडे दिले ते यासाठी उत्तम. एकक किलोकॅलरी, दर चौरस मीटर, दर वर्षी. वनस्पतींनी प्रकाशसंश्लेषणानं बांधलेली एकूण ऊर्जा २०,८१०, बाहेरून आलेलं सेंद्रिय खाद्य ४८६. साऱ्या जिवांचं मिळून श्वसन १८,७९६, प्रवाहाबरोबर खाली वाहून गेलेलं २,५००. दोन्ही बाजू २१,२९६. आत कोण कोणाला किती वेळा खातं याची एक ओळही न लिहिता हिशोब जुळला. म्हणून गाईडच्या शंकेला पहिलं उत्तर: फेरा कितीही मोठा असला तरी या चौकटीला धक्का लागत नाही. तुमच्या तक्त्यात लागत असेल, तर चूक फेरा धरण्यात नाही, फेऱ्याची एक बाजू लिहून दुसरी विसरण्यात आहे.

फेरा स्वतः पाहायचा तर मी नेहमी कोन स्प्रिंग घेतो. आयोवा राज्यातला हा छोटासा झरा. टिली यांनी त्याचा अभ्यास १९६८ मध्ये प्रसिद्ध केला, आणि त्याचे पाच कप्प्यांचे आकडे तेव्हापासून या विषयातल्या जवळजवळ प्रत्येकानं गिरवलेत. कागद-पेन्सिल घेऊन बसा, कारण पुढचं सगळं याच आकड्यांवर आहे.

एकक तेच. वनस्पतींत ११,१८४ येतात. त्यातले २,००३ त्यांच्या श्वसनात जातात, ३०० वाहून जातात, ८,८८१ मरून डेट्रायटसमध्ये, म्हणजे कुजणाऱ्या मेलेल्या मालात, पडतात. हिरवं पान खाणारं कोणी या तक्त्यात नाहीच, सगळा कारभार मेलेल्या मालावर. डेट्रायटसला बाहेरूनही ६३५ मिळतात. डेट्रायटसमधून जिवाणूंकडे ५,२०५, गाळखाऊ प्राण्यांकडे २,३०९, बाहेर ८६०, आणि श्वसनात ३,१०९. जिवाणू ३,२७५ श्वसनात घालवतात, २५५ वाहून जातात, ७५ गाळखाऊंच्या पोटात जातात आणि १,६०० परत डेट्रायटसमध्ये. गाळखाऊंचं श्वसन १,८१४, मांसाहाऱ्यांकडे ३७०, डेट्रायटसला परत २००. मांसाहारी २०३ जाळतात, १६७ परत करतात.

डेट्रायटसच्या कप्प्यात शिरणारं सगळं जोडा: ६३५, ८,८८१, १,६००, २००, १६७. बेरीज ११,४८३. बाहेर पडणारंही ११,४८३. यातले पहिले दोन ताजे, मिळून ९,५१६. उरलेले तीन परतीचे, मिळून १,९६७. हाच तुमचा फेरा. या झऱ्यात प्रत्येक फेरा डेट्रायटसमधूनच जातो, त्यामुळे गणित सोपं पडतं: डेट्रायटसमधून निघालेल्या दर १०० पैकी १७.१ परत येतात. त्या १७.१ मधले पुन्हा १७.१ टक्के, म्हणजे २.९, दुसऱ्यांदा येतात. मग ०.५. मालिका झपाट्यानं आटते आणि एकूण १२०.७ वर थांबते. ताजे ९,५१६ गुणिले १.२०७ केलं की ११,४८३ मिळतात. अनंत वेळा फिरणारा फेरा बघून जी धास्ती वाटते तिला इतकंच उत्तर पुरतं.

इथे दोन चुका सर्रास होतात. एक, तुमच्या गाईडनी सुचवलेली: १,९६७ वजा करून डेट्रायटसची उलाढाल ९,५१६ धरायची. मग जिवाणूंना ५,२०५ आणि गाळखाऊंना २,३०९ द्यायचे कुठून? बाहेर जाणारे बाण ११,४८३ चे आहेत, ते तसेच राहिले तर कप्पा तुटीत गेला, आणि कापले तर जिवाणूंचं मोजलेलं श्वसन खोटं ठरलं. दुसरी चूक उलटी: परतीचे १,९६७ ही ‘डेट्रायटसची निर्मिती’ म्हणून प्राथमिक उत्पादनात मिळवायचे. हे खरंच दोनदा मोजणं. आवकेच्या रकान्यात ११,१८४ आणि ६३५ यांच्याशिवाय काही जाता कामा नये. एकूण आवक ११,८१९. श्वसनाची बेरीज १०,४०४, वाहून गेलेलं १,४१५. मिळून ११,८१९. फेरा आत, चौकट शाबूत.

पाचही कप्प्यांची उलाढाल जोडली तर ३०,६२६ होते. तिला आवकेनं भागलं की २.५९. आत आलेली एक किलोकॅलरी बाहेर पडेपर्यंत सरासरी इतक्या कप्प्यांतून जाते.

या उलाढालीतला किती भाग निव्वळ फिरण्यामुळे आहे, ते सांगणारा निर्देशांक जॉन फिननं १९७६ मध्ये मांडला. त्यामागचं गणित अर्थशास्त्रातलं आहे. वासिली लिऑन्टिफनं उद्योगांमधल्या देवाणघेवाणीसाठी केलेले तक्ते ब्रूस हॅननने १९७३ मध्ये परिसंस्थेला लावले. कोळसा काढायला पोलाद लागतं आणि पोलाद करायला कोळसा, हा गुंता त्या तक्त्यांनी आधीच सोडवलेला होता. प्रत्येक कप्प्याला विचारायचं: तुझ्यातून गेलेल्यांपैकी किती जण आधी एकदा तुझ्यातून गेलेले होते? डेट्रायटसचं उत्तर १७.१ टक्के. जिवाणूंचं १४.५. गाळखाऊंचं ३.७. मांसाहाऱ्यांचं १.७. वनस्पतींचं शून्य, कारण मेलेल्या मालातून ऊर्जा वनस्पतीत परतत नाही. हे टक्के आपापल्या उलाढालीला लावले की अनुक्रमे १,९६७, ७५४, ८९ आणि ६. बेरीज २,८१६, भागिले ३०,६२६. उत्तर ९.२ टक्के.

एक्सेलमध्ये करायचं तर प्रत्येक बाण ज्या कप्प्यातून निघतो त्याच्या उलाढालीनं भागून ५ बाय ५ चा तक्ता करा, तो एकक मॅट्रिक्समधून वजा करा आणि उत्तराचा व्यस्त काढा. कर्णावरचे पाच आकडे घ्या. प्रत्येकातून एक वजा करून त्याच आकड्यानं भागलं की वरचे टक्के मिळतात. बाण ज्या कप्प्यात पोचतो त्याच्या उलाढालीनं भागलंत तरी कर्ण तोच येतो, तेव्हा त्यावर कोणाशी वाद घालत बसू नका.

आता खरी गोम. इथवरचं सगळं अंकगणित आहे आणि ते कोणालाही जमतं. ९.२ हा आकडा मात्र झऱ्याइतकाच तुमच्या हिशोबाच्या रीतीवर अवलंबून असतो, आणि हे फारसं कोणी सांगत नाही.

समजा, कोन स्प्रिंगमधल्या गाळखाऊंनी आणखी १,००० किलोकॅलरीचा गाळ गिळला आणि काहीही न पचवता तसाच मागून बाहेर टाकला. गाळ खाणाऱ्या प्राण्यांबाबत ही काही कल्पनेतली गोष्ट नाही, त्यांच्या तोंडात जातं त्यातलं बरंचसं पोटातून नुसतं प्रवास करून येतं. तक्त्यात काय बदललं? डेट्रायटसकडून गाळखाऊंकडे जाणारा बाण १,००० नं वाढला, परतीचा बाणही १,००० नं वाढला. कोणाचं श्वसन बदललं नाही, आवक बदलली नाही, कोणाच्या अंगी एक ग्रॅम जास्त लागलं नाही. निर्देशांक पुन्हा काढा: ९.२ वरून १२.७ वर जातो. म्हणजे तुम्ही ‘खाल्लं’ कशाला म्हणता, तोंडात गेलं त्याला की पचलं त्याला, एवढ्यावर निर्देशांक साडेतीन अंकांनी फुगला.

तुम्ही इकोपाथ, म्हणजे अन्नजाळ्याचा ताळेबंद मांडणारं सॉफ्टवेअर, वापरत असाल तर हा निर्णय तुमच्यासाठी आधीच कोणीतरी घेतलेला आहे. न पचलेल्या अन्नाच्या रकान्यात २० टक्के हा आकडा आपोआप भरलेला येतो, आणि तेवढा खप थेट डेट्रायटसकडे जातो. मासे खाणाऱ्या माशाला तो चालेल. चिखल गिळणाऱ्या प्राण्याला तो लावणं म्हणजे डोळे मिटून सही करणं. तुमच्या खाडीत चिखल गिळणारेच जास्त, तेव्हा हा रकाना प्रत्येक गटासाठी हातानं भरा.

दुसरी जागा डेट्रायटसचं श्वसन. वर ३,१०९ लिहिलेत ते परत बघा. मेलेलं पान श्वास घेत नाही. तो त्या पानावरच्या, वेगळ्या न धरलेल्या जिवांचा खर्च आहे. तोच जिवाणूंच्या नावे टाकला तर जिवाणूंची उलाढाल ८,३१४ होते आणि निर्देशांक ९.७. उलट वनस्पतींचं २,००३ श्वसन वगळून निव्वळ उत्पादनापासून हिशोब सुरू केला तर भाजक लहान होतो आणि तेच उत्तर ९.८ येतं. झरा तोच, वर्ष तेच, आकडे तेच. म्हणून तुमच्या खाडीचा निर्देशांक दुसऱ्या कुठल्या खाडीशेजारी ठेवून ‘आमच्याकडे पुनर्वापर जास्त’ असं लिहिण्याआधी दोघांचे कप्पे, एकूण की निव्वळ उत्पादन, आणि गिळलेलं की पचलेलं, हे तीन मुद्दे जुळतात का ते पाहा. बहुतेकदा जुळत नाहीत.

पोषण पातळीचं दुखणं याच मुळातून येतं. इकोपाथमध्ये डेट्रायटसची पातळी नेहमी १ धरतात, मग त्यात पान पडो की मेलेला मासा. त्या रीतीनं कोन स्प्रिंगच्या मांसाहाऱ्यांची पातळी ३.०३ येते. पण डेट्रायटसला स्वतःचा इतिहास ठेवू दिला, म्हणजे तिथे पोचेपर्यंत ऊर्जेनं किती कप्पे ओलांडले हे फेऱ्यांसकट मोजलं, तर डेट्रायटस २.३७ वर बसतं आणि तेच मांसाहारी ४.४० वर. दोन्ही आकडे बरोबर आहेत, प्रश्न वेगळे आहेत. पहिला सांगतो की हा प्राणी मूळ साठ्यापासून किती घास दूर आहे. दुसरा सांगतो की त्याच्यापर्यंत पोचलेली ऊर्जा किती हात फिरून आली. प्रबंधात पहिला वापरा, कारण बाकी सगळे तोच वापरतात, आणि कोणता वापरलाय ते एका ओळीत लिहा.

खाडीपुरतं आणखी थोडं, कारण झऱ्याला भरती-ओहोटी नसते. ओहोटीबरोबर बाहेर गेलेला पाचोळा पुढच्या भरतीला परत आला तर तो फेरा धरायचा का? तुमची सीमा खाडीच्या मुखाशी असेल तर नाही. तो एकदा निर्यात आणि एकदा आवक म्हणून दोन्ही रकान्यांत जाईल, किंवा दोन्हीतला फरक तेवढा निव्वळ निर्यात म्हणून लिहायचा. यातलं काहीही निवडा, पण मध्येच बदलू नका, कारण पहिल्या रीतीत आवक फुगते आणि त्यामुळे निर्देशांक पडतो.

दुसरं, वरचं सगळं गणित साठा वर्षभरात बदलला नाही असं धरून चालतं. कोकणातल्या खाडीत पावसाळ्याचे चार महिने आणि उरलेले आठ या दोन वेगळ्याच खाड्या असतात. नदीचं गोडं पाणी गाळ ढवळून समुद्रात नेतं, ऑक्टोबरनंतर तो पुन्हा साचू लागतो. निदान दोन तक्ते करा, आणि प्रत्येकात ‘साठ्यातली वाढ-घट’ असा रकाना ठेवा. साठ्यात गेलेलं बाहेर गेलेल्यासारखं लिहायचं, साठ्यातून काढलेलं आत आलेल्यासारखं. कांदळवनाच्या चिखलात कायमचं गाडलं जाणारं सेंद्रिय द्रव्यही याच रकान्यात येतं. ते श्वसनात घुसडलंत तर जिवाणू उगाचच उधळे दिसतील.

निर्देशांक जास्त म्हणजे परिसंस्था सुदृढ, असं वाक्य तुमच्या मसुद्यात असणार. बहुतेक मसुद्यांत असतं. त्याचं मूळ युजीन ओडमच्या १९६९ च्या मांडणीत आहे: परिसंस्था पक्व होत जाते तसतशी चक्रं घट्ट होतात. खनिज पोषकद्रव्यांबाबत मला ते बऱ्यापैकी पटतं. ऊर्जेबाबत जपून. फ्लोरिडातल्या क्रिस्टल रिव्हरच्या वीज केंद्राजवळ दोन खाड्यांची तुलना झाली होती, एकीत केंद्राचं गरम पाणी सुटायचं, दुसरीत नाही. रॉबर्ट उलानोविचनं त्यांच्या चक्रांची छाननी केली, तेव्हा गरम पाण्याच्या खाडीत फिरणाऱ्या ऊर्जेचं प्रमाण जास्त निघालं, पण चक्रांची संख्या कमी, आणि नाहीशी झालेली बरीचशी मोठ्या प्राण्यांमधून जाणारी लांब चक्रं होती. खालच्या पातळीवरची आखूड चक्रं तेवढी जोरात फिरत होती. त्रासलेल्या खाडीतही निर्देशांक वाढतो तो असा. म्हणून एकटा टक्का देऊ नका, तो कोणत्या फेऱ्यांतून आला ते सोबत लिहा. कोन स्प्रिंगमध्ये परतीच्या १,९६७ पैकी १,६०० एकट्या जिवाणूंचे आहेत, म्हणजे ८१ टक्के. प्राण्यांचा फेरा नावापुरता.

आणि यावरूनच तुमचा वेळ आणि पैसा कुठे घालायचा ते ठरतं. मसुद्यात शिंपल्यांचे, खेकड्यांचे नमुने भरपूर आहेत आणि जिवाणूंसाठी एक उसना आकडा. उलट करा. जिवाणूंनी खाल्लेल्यातलं किती अंगी लागतं हे प्रमाण कोन स्प्रिंगच्या तक्त्यात ३७ टक्के पडतं, ५,२०५ पैकी १,९३०. पाण्यातल्या जिवाणूंसाठी प्रत्यक्षात मोजलेले आकडे ५ टक्क्यांच्या खालपासून ६० टक्क्यांपर्यंत पसरलेले आहेत. ३७ च्या जागी २० धरलं, आणि त्यांचा खप, त्यातून गाळखाऊंच्या पोटात जाणारे ७५ व वाहून जाणारे २५५ तेच ठेवले, तर डेट्रायटसला परत जाणारे १,६०० घसरून ७११ होतात. तेवढ्यानं डेट्रायटसचा कप्पा ८८९ नं तुटीत जातो आणि सगळा तक्ता नव्यानं जुळवावा लागतो. गाळखाऊंच्या परतीच्या २०० मध्ये दुप्पट चूक झाली तरी इतकी पडझड होणार नाही. गाळाच्या नमुन्यांवर जिवाणूंचं श्वसन आणि वाढ एकाच वेळी, एकाच तापमानाला मोजून घ्या, पावसाळ्यात एकदा आणि उन्हाळ्यात एकदा. इन्क्युबेटर विभागात नसेल तर शेजारच्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागात असतो, आणि मार्चनंतर तो सहसा रिकामा मिळतो.